शेजारच्या पायाखालचा ब्रेक

जगातल्या प्रत्येक अपघाताला दुसरा माणूस जबाबदार असतो, हे आता सिद्ध झालेलं आहे. ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनी ते छातीठोकपणे सांगितलं. हा दुसरा माणूस आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही; पण तो रोज गाडी काढतो, वळताना दिवा दाखवत नाही, आणि त्याला परवाना कुणी दिला हे कुणालाच ठाऊक नाही.

तक्तेसाहेबांची या सिद्धांतावर गाढ श्रद्धा होती. हे त्यांचं खरं नाव नव्हे. कुलपं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते खरेदीपूर्व मूल्यमापन विभागाचे प्रमुख होते. कुठलीही वस्तू घ्यावी की घेऊ नये याचा तक्ता मांडल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे, म्हणून कचेरीने हे नाव त्यांना चिकटवलं होतं. विभागाची कीर्ती मोठी होती. अठरा वर्षांत त्याने एकही चुकीची खरेदी होऊ दिली नव्हती. (बरोबर खरेदीही फारशी झाली नव्हती, पण तिची नोंद ठेवायची पद्धत नाही.) खुद्द विभागासाठी मागवायचा पंखा सहा उन्हाळे विचाराधीन होता, आणि त्याच्याच फाइलीने सगळे वारा घेत.

घरातला एक प्रश्न मात्र तक्त्यात बसत नव्हता. साहेब गाडी चालवू लागले की शेजारच्या सीटवर बसलेल्या त्यांच्या पत्नी ब्रेक दाबत. त्या बाजूला ब्रेक नसतो, ही तांत्रिक बाब बाईसाहेबांनी सव्वीस वर्षांत मनावर घेतली नव्हती. सिग्नल, वळण, समोरची सायकल, लांब कडेला उभा असलेला आणि अजून काहीच न ठरवलेला कुत्रा, यांपैकी काहीही दिसलं की त्यांचा उजवा पाय खाली जाई. गाडीतली त्यांच्या पायाखालची मॅट दोनदा बदलून झाली होती. साहेबांची मॅट मात्र मूळचीच होती, कोरी करकरीत. आपण किती हलक्या पायाने चालवतो याचा हा पुरावा, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला दार उघडून दाखवत.

वास्तविक साहेब एकाच हाताने गाडी चालवत. दुसरा हात रस्त्यावरच्या इतरांचं मूल्यमापन करण्यात गुंतलेला असे.

तर एका रविवारी बाईसाहेबांनी जाहीर केलं की लेकीकडे त्या बसने जाणार. लेक तीनशे किलोमीटरवर राहायची, आणि तिचं बाळंतपण दोन महिन्यांवर आलं होतं.

"घरात गाडी असताना बसने?" साहेब म्हणाले.

"तिला माझी सोबत हवीय. म्हणजे मी तिथे पोचायला हवी ना?"

"अगं, मी काय तुला पोचवणार नाही का?"

"तुम्ही या मागाहून, गाडीने. सावकाश या. घाई काहीच नाही."

साहेबांना हे लागलं. दोघांनी मिळून जायचं, वाटेत कुठेतरी झाडाखाली थांबायचं, डब्यातलं खायचं, आणि लेकीच्या दारात एकदमच उतरायचं, असं त्यांनी महिनाभर मनात घोळवलं होतं. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्याचा तक्ता करता येत नसल्यामुळे जरा जास्तच वाटलं.

याच सुमारास त्यांच्या वाचनात एक जाहिरात आली. शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या धावपट्टीवर गाडी चालवण्याचं उच्च कौशल्य शिकवणारी शाळा निघाली होती. दोन दिवसांत गाडीवर संपूर्ण हुकमत. ओल्या पट्ट्यावर वेगाने जायचं, गाडी मुद्दाम घसरवायची आणि मग सावरायची. शुल्काचा आकडा वाचून साहेबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. आकडा हलला नाही.

"घसरवायचे पैसे?" बाईसाहेब म्हणाल्या. "तुम्ही घरच्या घरी फुकट घसरवता की."

पण ही शाळा केली तर बाईसाहेब पुन्हा शेजारी बसतील, असं साहेबांच्या मनाने घेतलं. आता प्रश्न एवढाच होता की हा खर्च सार्थकी लागेल का. आणि असा प्रश्न पडला की साहेबांच्या अंगात विभाग संचारत असे.

प्रथम सर्वेक्षण झालं. 'आपण सरासरीपेक्षा चांगली गाडी चालवता काय?' हा प्रश्न कचेरीतल्या बारा जणांना लेखी विचारण्यात आला. बाराही उत्तरं 'हो' अशी आली. त्यांत स्वतःच्याच फाटकात तीनदा गाडी घालणारे रोखपाल होते, आणि गाडी अजिबात न येणारा पहारेकरीही होता. ("शिकलो तर चांगलीच चालवीन," असं त्याने समासात लिहिलं.) ज्या अर्थी सर्वजण सरासरीच्या वर आहेत, त्या अर्थी सरासरी बरीच खाली असली पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. (तेरावं उत्तर प्रस्तुत लेखकाचं होतं. तेही 'हो'च होतं.)

मग दोन आठवडे प्रत्यक्ष निरीक्षण चाललं. भाजी आणायला, दवाखान्यात, बहिणीकडे, जिथे म्हणून बाईसाहेब नाइलाजाने शेजारी बसल्या, तिथून परतल्यावर साहेबांनी गुपचूप नोंदी केल्या. त्या अशा:

बाईसाहेबांनी दाबलेले ब्रेक: २१४.
त्यांपैकी आवश्यक, साहेबांच्या मते: ०.
त्यांपैकी आवश्यक, बाईसाहेबांच्या मते: २१४.
ज्या ठिकाणी क्षणभराने साहेबांनीही ब्रेक दाबला: १९७ (योगायोग).

शेवटचा टप्पा होता शाळेतल्या मोफत ओळख-फेरीचा. तिथले प्रशिक्षक शांत गृहस्थ होते. त्यांनी साहेबांना शेजारी बसवलं आणि गाडी अशी काही सोडली की साहेबांचा दुसरा हात मूल्यमापन विसरून दाराच्या वरच्या कडीला लटकला. फेरी संपल्यावर प्रशिक्षक म्हणाले, "साहेब, तुमच्या पायाखाली काही नाहीये हं. अकरा वेळा दाबलंत."

दुसऱ्या कुणाला या अनुभवाने शरम वाटली असती. साहेबांना मुद्दा सापडला. बाईसाहेब त्या सीटवर बसल्या की पाय खाली जातो. आपण बसलो तरी पाय खालीच जातो. म्हणजे बिघाड चालकात नाहीच. तो शेजारच्या सीटवर बसण्यात आहे. मग चालकाच्या शिक्षणावर पैसा ओतणं म्हणजे आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी. शिकवायला हवं ते शेजारी बसणाऱ्याला.

"शेजारी बसायचा वर्ग आहे का तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

प्रशिक्षकांनी गाडी बंद केली. "वीस वर्षं गाडी शिकवतोय, पण हे कुणी विचारलं नाही," ते म्हणाले. "माझी बायकोसुद्धा माझ्या शेजारी बसत नाही. वेगळ्या गाडीने येते." आणि पुढच्याच शनिवारी सहप्रवासी वर्ग सुरू झाला. शिकवणीच्या गाडीत शेजारीही ब्रेक असतो. तीच गाडी त्यासाठी काढली.

बाईसाहेबांना तयार करणं सोपं जाणार नाही असं साहेबांना वाटलं होतं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "खरा ब्रेक आहे? दाबला की लागतो?"

"लागतो."

"मग येते मी."

चालवायला प्रशिक्षक बसले. पहिल्या वळणाच्या आधी बाईसाहेबांनी पाय खाली नेला, आणि गाडी थांबली. प्रशिक्षकांचा कपाळमोक्ष थोडक्यात टळला. बाईसाहेबांनी पदराने डोळे टिपले. सव्वीस वर्षं त्या ब्रेक दाबत होत्या, आणि आज पहिल्यांदा कुणीतरी थांबलं होतं.

पुढचं साहेबांनी तक्ता न करता केलं, हे त्यांच्या कारकिर्दीतलं एकमेव उदाहरण. घरच्या गाडीत शेजारच्या बाजूला तसाच ब्रेक बसवून घेतला.

दोघं लेकीकडे निघाले. शंभर किलोमीटर झाले तरी बाईसाहेबांचा पाय हलला नाही. ब्रेक हाताशी आहे म्हटल्यावर त्यांना तो लागेनासा झाला होता. त्या बोलू लागल्या. लेकीच्या लहानपणीचं बोलल्या, संत्रं सोलून दिलं, झाडाखाली थांबून डबाही झाला. साहेबांना इतकं बरं वाटलं की त्यांनी चार गाड्यांना काही न म्हणता पुढे जाऊ दिलं. तीनशे किलोमीटरांत बाईसाहेबांनी एकूण दोनदा ब्रेक दाबला. पहिल्या वेळी समोर एक म्हैस होती. दुसऱ्या वेळी काय होतं, ते साहेबांना गाडी थांबल्यावर दिसलं. ते बराच वेळ स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसले. या नोंदीपुढे त्यांनी कंसात काही लिहिलं नाही.

"दोघं एकत्र आलात?" दार उघडून लेक म्हणाली, आणि रडायलाच लागली.

अहवालात एकच ओळ होती: खर्च सार्थकी लागला.

शाळेचं तर सोनंच झालं. चालकांचा वर्ग कधीच बंद पडला. सहप्रवासी वर्गाला मात्र रांगा लागल्या. नवरे बायकांचे अर्ज भरतात, बायका नवऱ्यांचे, मुलं वडिलांचे, आणि रोखपालांनी फाटकाबद्दल चौकशी केली होती असं कळतं. अर्जावर एकच रकाना आहे: 'कोणाला शिकवायचं आहे?' वर्षभरात तिथे स्वतःचं नाव एकानेही लिहिलेलं नाही. इथवर वाचताना एक नाव तुमच्याही डोळ्यांपुढे आलं असेलच. संकोच करू नका, भरा अर्ज. फक्त त्यांना आधी विचारायला जाऊ नका. त्यांनी तुमचा मागच्याच आठवड्यात भरलाय.