झाडे सरांचं संत्रं

झाडे सर बायकोच्या हातात संत्रं देत नाहीत, फेकतात. गेल्या वर्षापासून सगळी नालवाडी हे रोज बघते. सकाळी बाजारातून आले की सर फाटकाशी थांबतात, बरोबर वर पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत काकू हात पसरून उभ्याच असतात. सर एकेक संत्रं सरळ वर उडवतात, "आता!" म्हणून ओरडतात आणि काकू झेलतात. जिना दहा पावलांवर आहे.

सरांनी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं. ते निवृत्त झाले आणि आमचे हाल सुरू झाले. मी शेजारी, त्यातून कारकून, म्हणजे आयताच विद्यार्थी. "पहले दिशा ठरव, दिलीप. वर धन, खाली ऋण," हे मी दाढी करतानासुद्धा ऐकलं आहे.

एकदा विचारलंच, "सर, जिन्यानं काऊन नाई नेत?"

"उंची तीन पॉइंट दोन मीटर. सुरुवातीचा वेग आठ. हातात पोचतानी वेग शून्य, तिले लागत नाई. तुह्या जिन्यात आहे काय हे?"

सूत्र चुकत नाही, सर चुकतात. एकदा त्यांनी सांभार, म्हणजे कोथिंबीर, फेकली. जुडी अर्ध्यातच सुटली आणि माझ्या इस्त्रीच्या शर्टावर आली. "हवेचा विरोध धरलाच नाई," सर म्हणाले. माफी नाहीच. मी तो किस्सा कॉलनीभर चवीनं सांगितला.

गेल्या महिन्यात ऐन "आता!"च्या वेळी एक फटफटी दणदणत गेली. संत्रं काकूंच्या तळव्यापाशी क्षणभर थांबलं आणि परत खाली आलं. काकूंचा हात उघडाच राहिला. नजर समोरच्या कडुनिंबावर, हललीसुद्धा नाही.

सर माझ्याजवळ आले.

"तिले दिसत नाई. साल झालं. सगळ्यांसमोर झेलते न, म्हणून कोणी कीव नाई करत. कीव सहन नाई होत तिले. कोणाले सांगू नोको."

कोथिंबिरीचा किस्सा आठवून मला माझीच लाज वाटली.

परवा सर्दीनं सरांचा आवाज पार बसला. म्हणून मी शेजारी उभा राहिलो. सरांनी संत्रं सोडलं. मी जीव मुठीत धरून अंदाज घेतला आणि ओरडलो, "आता!"

संत्रं परतीला लागलं होतं, तरी काकूंनी धरलं. त्या आवाजाच्या दिशेनं वळून हसल्या.

"दिलीप, तू होय? जरासं लवकर म्हणत जाजो. अन् कोणाले सांगू नोको."