घाटाखाली दोष आढळला नाही

मेहकर येथील रहिवासी आणि एका सरकारी कार्यालयातील तक्रार निवारण शाखेचे वरिष्ठ लिपिक श्री. भाऊराव सरकटे यांनी नवी गाडी घेतली. घटना तशी साधी आहे. तालुक्यात रोज कोणी ना कोणी गाडी घेतो, पेढे वाटतो आणि आठवड्याच्या आत ती शेजाऱ्याच्या फाटकाला घासतो. भाऊरावांच्या खरेदीमागे मात्र निश्चित असे प्रयोजन होते. त्यांची एकुलती लेक मंजुश्री जळगाव जामोदला दिली होती, आणि तिच्या लग्नात त्यांनी व्याही देवानंदराव यांना भर मांडवात शब्द दिला होता की पहिल्या बाळंतपणाला लेकीला स्वतःच्या गाडीतून माहेरी नेईन. तेव्हा त्यांच्याकडे गाडी नव्हती, म्हणून शब्द देणे सोपे गेले.

आता मंजुश्रीला पाचवा महिना लागला होता आणि दारात गाडी होती. अडचण फक्त भूगोलाची होती. बुलढाणा जिल्ह्याचे निसर्गाने दोन भाग केले आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. मेहकर घाटावर, जळगाव जामोद घाटाखाली. गाडी उतरताना पाण्यासारखी उतरली. लेकीला भेटून, डाळ-बट्टीचे जेवण करून भाऊराव आणि त्यांच्या पत्नी सिंधूताई परत निघाले, तेव्हा घाटाच्या तिसऱ्या वळणावर इंजिनाने एक उसासा टाकला, समोर पिवळा दिवा लागला आणि गाडी उभी राहिली. मागे कापसाने भरलेला ट्रक होता. त्याच्या ड्रायव्हरने भाऊरावांच्या तीन पिढ्यांची विचारपूस केली. अर्ध्या तासाने गाडी आपोआप सुरू झाली, दिवाही विझला. सिंधूताई एवढेच म्हणाल्या की नवी सून आहे, रुसली असेल.

पुढच्या तीन चढायांत ती तीनदा रुसली, तेव्हा भाऊरावांनी तक्रार नोंदवायचे ठरवले. तक्रार कशी नोंदवावी हे त्यांना चांगले ठाऊक होते, कारण तिचे पुढे काय होते हेही ठाऊक होते.

शोरूम घाटाखाली होते. अर्थातच गाडी तिथपर्यंत विनातक्रार उतरली. दारावर ‘ग्राहक आनंद केंद्र’ अशी पाटी होती आणि आत आल्हाद नावाचे, पुण्याहून प्रशिक्षण घेऊन आलेले सेवा सल्लागार होते. त्यांनी भाऊरावांना गार पाणी दिले, कोमट कॉफी दिली आणि गाडीला संगणकाची वायर जोडली. संगणकाने सांगितले की गाडीत दोष नाही. मग चाचणीसाठी गाडी ठरलेल्या मार्गावर, म्हणजे शोरूमच्या फाटकापासून जिनिंग फॅक्टरीपर्यंत, नेण्यात आली. हा रस्ता इतका सपाट आहे की त्यावर सांडलेले पाणीसुद्धा कुठे जावे या विचारात पडते. गाडी छान चालली. कागदावर शेरा पडला: ‘दोष आढळला नाही.’

“अहो, ती घाटात बंद पडते,” भाऊराव म्हणाले. “घाटात घेऊन चला. मी दाखवतो तुमाले.”

“सर, घाट आमच्या चाचणी मार्गात येत नाही,” आल्हाद नम्रपणे म्हणाले. “मार्ग मुख्यालयातून मंजूर होऊन येतो.”

“मंग मुख्यालयाले सांगा ना, की इथं घाट हाय.”

“सांगितलंय सर. ते म्हणाले, नकाशात दिसत नाही.”

चावी देण्यापूर्वी आल्हादांनी आवाज खाली आणला. संध्याकाळी एक फोन येईल, सेवेला दहापैकी किती गुण असे विचारतील, तर कृपा करून दहाच द्यावेत. नऊ दिले तर कंपनी शून्य धरते. नऊ म्हणजे नापास, हे ऐकून भाऊरावांना हसू आले. संध्याकाळी डिंपल नावाच्या मुलीचा गोड आवाजात फोन आला. भाऊराव शेतकऱ्याचे पोर, खरे बोलायची खोड अजून पुरती गेलेली नव्हती. त्यांनी चार दिले.

इथून प्रकरणाला गती आली. भाऊरावांची नोंद ‘असमाधानी ग्राहक’ अशी झाली. दुसऱ्या वेळी ते गाडी घेऊन गेले तेव्हा संगणक त्यांची नवी तक्रारच घेईना. असमाधानी ग्राहकाची जुनी तक्रार बंद झाल्याखेरीज नवी उघडत नाही, आणि ग्राहक समाधानी झाल्याखेरीज जुनी बंद होत नाही, असे आल्हादांनी समजावून सांगितले. म्हणजे गाडी दुरुस्त व्हावी असे वाटत असेल तर आधी समाधानी व्हावे लागेल. भाऊरावांनी ही रचना मनातल्या मनात दोनदा तपासली. तिच्यात त्यांना कुठेही फट सापडली नाही, आणि जाणकार माणूस म्हणून त्यांना थोडा हेवाही वाटला. संध्याकाळी त्यांनी डिंपलला दहा दिले.

बंद झालेल्या तक्रारीच्या जागी नवी उघडली. तिच्यात असे निदान झाले की ग्राहक घाट चढताना मनावर ताण घेतो, तो पायात उतरतो आणि पायातून इंजिनात जातो. यासाठी भाऊरावांना एक तासाचे वाहनचालन मार्गदर्शन मोफत मिळाले, जिनिंग फॅक्टरीच्या रस्त्यावर. ती तक्रार दहा गुणांनी बंद झाली. तिसऱ्या तक्रारीवर कंपनीने दोषाचा व्हिडिओ मागवला. पिवळा दिवा, किलोमीटरचा आकडा, घाटाचा चढ आणि ग्राहकाचा चेहरा ही चारही एका चौकटीत हवीत. सिंधूताईंनी मोबाईल घेऊन, पट्टा सोडून, अर्ध्या खिडकीबाहेर होऊन तेही चित्रण केले. कंपनीने व्हिडिओ नामंजूर केला. त्यात सहप्रवाशाने सीटबेल्ट लावलेला नव्हता, आणि सुरक्षेबाबत कंपनी तडजोड करत नाही.

मंजुश्रीला सातवा महिना लागला. आता मात्र भाऊरावांचा जीव खालीवर होऊ लागला. लेक गाडीत बसली आहे, तिसऱ्या वळणावर पिवळा दिवा लागला आहे आणि मागे कापसाचा ट्रक आहे, हे चित्र त्यांना भर दुपारी कार्यालयात दिसे. अशाच एका दुपारी वामनराव नावाचे म्हातारे गृहस्थ त्यांच्या टेबलाशी आले. गावातली हापशी उन्हाळ्यात कोरडी पडते, असा त्यांचा अर्ज होता. भाऊरावांनी फाईल काढली. पाहणी ऑगस्टमध्ये झाली होती, पाणी भरपूर होते, आणि खाली त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिले होते: ‘दोष आढळला नाही. अर्ज निकाली.’ त्यांनी फाईल मिटली आणि वामनरावांना पाणी विचारले. ते त्यांनी आजवर कोणाला विचारले नव्हते. अर्ज मात्र निकालीच राहिला, कारण तो पुन्हा उघडायची तरतूद नव्हती.

घरी हे सांगितल्यावर सिंधूताई म्हणाल्या, “तुमी तं अर्जदाराले कॉफीबी नाई पाजत. ते शोरूमवाले बरे मंग.”

गल्लीच्या टोकाला गणेश मेकॅनिकचे दुकान आहे. तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि त्याच्याकडे वायर जोडायचा संगणक नाही. त्याने बोनेट उघडून कान लावला, गाडी जोरात रेस करायला सांगितली आणि हात पुसले.

“पंप कमजोर हाय, साहेब. सपाटीवर पुरते, चढावर डिझेल पुरत नाई. दोन घंट्याचं काम.”

“मंग कर ना.”

“मी हात लावला की वारंटी गेली. कंपनीचं सील हाय त्याच्यावर.”

वॉरंटी म्हणजे गाडी बिघडली तर कंपनी दुरुस्त करील याची हमी, असा भाऊरावांचा समज होता. ती गाडी दुसऱ्या कोणी दुरुस्त करणार नाही याची हमी असते, हे त्यांना त्या दिवशी कळले. त्यांना राग आला आणि तो त्यांनी पाचव्या तक्रारीत सभ्य शब्दांत नोंदवला. (तिसरी आणि चौथी दहा-दहा गुण मिळवून आधीच बंद झाल्या होत्या.) तिची दखल घेऊन नागपूरहून वरिष्ठ अभियंता खास मेहकरला आले. त्यांनी बाजारपेठेत, म्हणजे सपाटीवर, गाडी फिरवली आणि समाधान व्यक्त केले. ते स्वतः दुसऱ्याच कंपनीच्या गाडीने आले होते. भाऊरावांनी कारण विचारले, तेव्हा ते प्रामाणिकपणे म्हणाले की घाट चढून वेळेत पोचायचे होते.

आठवा लागायला चार दिवस उरले. देवानंदरावांचा फोन आला. जयभीम झाला, ख्यालीखुशाली झाली आणि मग ते मुद्द्यावर आले. घाटातले किस्से त्यांच्या कानावर गेले होते. भाड्याच्या गाडीने नेतो, असे भाऊरावांनी चाचरत सुचवून पाहिले.

“भाड्याचीच न्यायची व्हती तं मांडवात काऊन बोलले, भाऊसाहेब?” देवानंदराव म्हणाले. “तुमची गाडी घाट चढते, एवढं फक्त मले सांगा. मंग लेक न्या. नाई तं बाळंतपण इथंच होऊ द्या. पोरीचा जीव टांगणीले नाई लावायचा.”

म्हणणे रास्त होते. त्यामुळेच ते भाऊरावांना लागले. सिंधूताईंनी डिंकाचे लाडू करून ठेवले होते, पाळणा घासून ठेवला होता. त्यांनी पाळणा उचलून पुन्हा माळ्यावर टाकला. भाऊरावांना ते पाहवले नाही. ते उठले, गाडीची सगळी कागदपत्रे काढली आणि तीस वर्षांच्या सवयीने बारीक अक्षरातल्या अटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला बसले. या अटी वाचणारे ते बहुधा कंपनीच्या इतिहासातले पहिलेच ग्राहक असावेत. कलम सतरामध्ये त्यांना हवे ते सापडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊराव एकटेच जळगाव जामोदला उतरले. व्याह्यांना म्हणाले, गाडी आज घाट चढणार, लेखी देतो. आणि लेखी दिले. मंजुश्रीला मागच्या सीटवर उशी लावून बसवले आणि सपाटीवरून झोकात घाटाच्या पायथ्याशी आणले. एका डेरेदार कडुनिंबाखाली गाडी थांबवली, स्वतःच बंद केली आणि कलम सतराप्रमाणे मोफत रस्ता साहाय्य क्रमांक फिरवला. गाडी चढत नाही, घरापर्यंत पोचवा. चाळीस मिनिटांत कंपनीचा उचलट्रक आला. नवी गाडी त्याच्या पाठीवर चढली, साखळ्यांनी आवळली गेली. मंजुश्री ड्रायव्हरशेजारच्या प्रशस्त सीटवर बसली.

“बाबा, आपली गाडी तं लईच उंच चालते,” ती मागे बघून म्हणाली, आणि पोट धरून हसत सुटली. बापाला कितीतरी दिवसांनी हायसे वाटले.

तिसरे वळण आले, गेले. गाडी घाट चढली. कशी चढली, असे देवानंदरावांनी विचारलेले नव्हते. मेहकरच्या गल्लीत ट्रक शिरला तेव्हा सिंधूताई भाकर-तुकडा ओवाळायला घेऊन उभ्या होत्या. आधी लेकीवरून ओवाळावा की ट्रकवरून, या विचारात त्या क्षणभर थांबल्या. पाळणा माळ्यावरून पुन्हा खाली आला.

संध्याकाळी डिंपलचा फोन आला. आजच्या सेवेला दहापैकी किती. भाऊरावांनी दहा दिले, आणि या वेळी ते मनापासून होते. संगणकाला ट्रक आणि गाडी यांत फरक करता येत नाही. त्यामुळे पुढच्या महिन्यात शोरूमच्या दर्शनी भागात भाऊरावांचा कमानीएवढा फोटो लागला: ‘घाटावरचे समाधानी ग्राहक. सहा वेळा सेवा, पाच वेळा दहापैकी दहा.’ पहिल्या वेळच्या चार गुणांचा उल्लेख जागेअभावी गाळला होता. पंप अजून तोच आहे.

हा फोटो आपण पाहिला असेलच. मागच्या महिन्यात आपण त्याच्याखाली उभे राहून गाडी बुक केलीत, आणि सौभाग्यवतींना म्हणालात, बघ, हा माणूस खोटं कशाला बोलेल. मग डिलिव्हरीच्या दिवशी गळ्यात हार पडला, पेढा तोंडात होता, चावी अजून आल्हादांच्या हातात होती आणि त्यांनी गुण द्यायला आपल्यापुढे मोबाईल धरला. आठवते ना, गाडी एक फूटही हललेली नव्हती. आपण किती दिलेत?