घरघंटी, किंमत एक मंगळवार

जयसिंगपूरच्या कुमुदिनी मगदूम यांनी एक मंगळवार देऊन ऑनलाइन घरघंटी विकत घेतली. 'घरपोच बाजार' या कंपनीने फोटोखाली किंमत तशीच लिहिली होती : एक मंगळवार, सर्व करांसह. कुमुदिनीबाई भाजणी करून विकत. गिरणीत ताटकळून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. त्यांनी बटण दाबलं आणि ऑर्डर पक्की झाल्याचा मेसेज आला.

त्या आठवड्यात त्या सोमवारी झोपल्या आणि बुधवारी उठल्या. मधल्या दिवशी त्या घरात नव्हत्या. त्यांचे पती अण्णासाहेब यांनी स्वतःच भात लावला आणि एकट्यानं खाल्ला. गुरुवारी घरघंटी आली. पीठ बारीक पडत होतं.

पंधरा दिवसांनी कंपनीचे इरफान नदाफ दारात उभे राहिले. तिशीचा माणूस, घामाघूम, बगलेत फाइल.

"काकू, ती किंमत चुकून पडली होती. टाइप करणाऱ्यानं चौदा हजारांच्या जागी मंगळवार टाकला. कंपनी घरघंटी परत नेईल आणि तुमचा मंगळवार परत देईल."

"ऑर्डर पक्की केली म्हणून तुम्हीच कळवलंत ना?"

"ते मशीननं कळवलं, काकू. माणसानं नाही."

"मंगळवारसुद्धा मशीननंच नेला. मी काही बोलले का?"

अण्णासाहेब पेपरमागून म्हणाले, "देतायत तर घे की परत. मला काही त्या दिवशी करमलं नाही."

एकतीस वर्षांच्या संसारात ते असं कधी बोलले नव्हते. कुमुदिनीबाई नदाफांना म्हणाल्या, "आता कुठं आहे तो माझा मंगळवार?"

नदाफांनी फाइल चाळली. "गोदामात जमा झाला होता. तिथं पॅकिंगला रेश्मा पाखरे म्हणून आहेत, त्यांची सुट्टी शिल्लक नव्हती. त्यांना दिला. त्यांनी त्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं."

"मग मला काय परत देणार?"

"तोच. त्यांच्याकडून काढून घेऊ. ऑपरेशन झालंच नाही असं होईल. पण तुम्हाला मंगळवार स्वच्छ करून मिळेल, त्याची काळजी नको."

"त्यांच्या आईला आता दिसतं?"

"दिसतं म्हणे. सुईत दोरा ओवतात."

"मग मला नको," कुमुदिनीबाई म्हणाल्या. अण्णासाहेब पेपर घेऊन आत निघून गेले.

कंपनीने नोटीस पाठवली. घरघंटी आठ दिवसांत उचलून नेऊ, मंगळवार बाईंच्या संमतीशिवाय परत जमा करू, असं तीत लिहिलं होतं. कुमुदिनीबाईंनी ग्राहक मंचाकडे तक्रार केली.

सुनावणीत कंपनीचे वकील म्हणाले, "एका मंगळवारात घरघंटी मिळते यावर कोणीही समंजस माणूस विश्वास ठेवणार नाही. चूक उघड होती. बाईंनी तिचा फायदा घेतला."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "मगदूमबाई, खरं सांगा. किंमत फार कमी आहे असं तुम्हाला वाटलं नाही?"

"घेताना वाटलं," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "नंतर ह्यांना तो दिवस कसा गेला ते कळलं, तेव्हा महाग पडली असं वाटलं."

तेवढ्यात मागच्या बाकावरून अण्णासाहेब उठले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. "तो दिवस मी काढलाय, मॅडम. दुपारी दोनपासून साडेचारपर्यंत घड्याळात तीनच वाजत होते. चौदा हजारांचा माल होता तो, मी लिहून देतो. पण आता परत नको. त्या म्हाताऱ्या बाईला दिसायला लागलंय, ते तसंच राहू द्या."

वकिलांनी मंगळवारच्या मूल्यांकनासाठी मुदत मागितली. ती मिळाली नाही. जाहीर केलेली, स्वीकारलेली आणि वसूल केलेली किंमत कंपनीला पाळावीच लागेल, असा निकाल लागला. शिवाय मनस्तापापोटी तक्रारदारास एक रविवार द्यावा, असाही आदेश झाला.

तो रविवार पुढच्या गुरुवारी सकाळी घेऊन नदाफच आले.

"थोडा वापरलेला आहे, काकू. कंपनीकडं नवा शिल्लक नव्हता."

खोक्यावर पट्टी होती : एका व्यक्तीसाठी.

"तुम्ही घ्या," कुमुदिनीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तेवढाच आराम."

"एकट्याला नको मला," अण्णासाहेब म्हणाले. "नदाफ, परत घेऊन जा."

नदाफांनी खिशातलं पेन काढलं, 'एका'वर काट मारली आणि वर 'दोन' लिहिलं.

"छापताना चूक झाली असणार," ते म्हणाले. "पण आता लिहिलंय म्हटल्यावर कंपनीला पाळावं लागेल. इथं सही करा."

सही घेऊन ते जिना उतरले. खाली गुरुवार होता, शाळेच्या रिक्षा भरून चालल्या होत्या. वर कुमुदिनीबाईंनी खोक्याची चिकटपट्टी सुरीनं कापली. अण्णासाहेबांनी दाढी करायची नाही असं ठरवलं.