सगुणाचे नवे भाडेकरू

"हळू बोल, माणसां झोपलीत," सगुण आपल्या डोक्याकडे बोट दाखवून मला दटावतो. ही माणसं म्हणजे त्याच्या डोक्यात भाड्याने राहायला आलेले स्टेम सेल.

हरमलला आमची घरं शेजारी-शेजारी. दोघंही पर्यटकांना खोल्या देतो. म्हणजे तो देतो, मी झाडून ठेवतो. माझ्या खोलीतून समुद्र दिसतो, त्याच्या खोलीतून माझं न्हाणीघर. तरी गिऱ्हाईक त्याच्याकडेच. मी जन्मभर त्याच्यावर जळत आलोय, आणि हे अख्ख्या वाडीला ठाऊक आहे.

मध्यंतरी त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. मला वाईट वाटलं, पण चारच दिवस. कारण शालनवहिनीने, त्याच्या बायकोने, हट्टाने त्याला बाहेरगावी नेलं. तिथे त्याच्याच कमरेच्या हाडातून पेशी काढून पाठीच्या कण्यातून आत सोडल्या आणि सगुण पुन्हा गावभर गाजला. मला नुसतं ब्लडप्रेशर. त्याची चौकशी कोण करणार?

म्हापशाला निघालेली माणसं हातची बस सोडून विचारतात, "कशे आसत भाडेकरू?"

"इलेहत. सामान लावतत अजून. सीझन सुरू होवदे, मगे बघ."

आता तो उन्हात छत्रीशिवाय निघत नाही, वरच्या मजल्यावर गरम होतं म्हणून. पेजही दोनदा पितो. एकदा स्वतःसाठी, एकदा त्यांच्यासाठी.

परवा मी त्याच्या व्हरांड्यात बसलो होतो. वहिनी पेज घेऊन आली.

"शालन, बघ गे."

खुर्चीच्या हातावर ठेवलेली त्याची उजवी बोटं खरंच थरथरली. वहिनी बघतच राहिली. माझ्या पोटात दुखलं. म्हणजे आता हातही याचाच बरा होणार. मग माझी नजर खाली गेली. खुर्चीचा एक पाय आखूड होता, आणि सगुण डाव्या पायाने ती हळूच डुगडुगवत होता.

वहिनी आत गेली. मी खुर्चीच्या आखूड पायाकडे बोट दाखवलं.

"खोल्यो रिकाम्योच आसत रे," तो म्हणाला. "डॉक्टरान पयलीच सांगितल्यान, गुण येतलोच असा नाय. पण माका तिना नेल्यान. हात नाय हललो तर ती आपणाकच दोष देत बसतली."

निघताना वहिनीने मला फाटकापाशी गाठलं. "भावजी, तुमी बघल्यात मां? हात हललो ना?"

सगुणाला उघडं पाडायची इतकी सोपी संधी मला कधीच मिळाली नव्हती.

"हललो, वयनी. माझ्या डोळ्यांनी बघलंय."

ती इतकी हसली की मी तिथे थांबलोच नाही, तडक घरी आलो. असा जळलो, की त्याचं घर भरलेलं बघूनही कधी तसा जळलो नव्हतो. डुगडुगणारी खुर्ची माझ्याकडेही आहे. पण पेज घेऊन येणारं आणि माझा हात हलला म्हणून हसणारं माझ्या घरात कोणी नाही.