मधल्या खान्यातले नाना

आमच्या पलूसच्या गल्लीतल्या हवालदार नानांना काहीही विचारा, उत्तर एकच येतं. "मध्यम."

ऊस कसा आहे? मध्यम. गुडघा? मध्यम. नवा जावई? इथे नाना जरा विचारात पडले आणि म्हणाले, "मध्यमच म्हणायचा." एसटीत ते मधल्या बाकावर बसतात, लग्नाच्या जेवणाला मधल्या पंगतीला. कारण विचारलं तर म्हणतात, "पैल्या रांगंला गोळी लागती, शेवटच्या रांगंचा भात संपतो." सतरा वर्षं पलटणीत काढून एवढंच शहाणपण घरी आणलं, असं त्यांचंच म्हणणं. कालवण कसं झालंय, हे विचारायचं त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकींनी, कधीच सोडून दिलंय.

मी नानांचा शेजारी. सांगलीच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. पीएच.डी. चालू आहे. किती वर्षं चालू आहे, ते माझ्या बायकोला विचारू नका. विषय ग्रामीण माणसाचं व्यक्तिमत्त्व आणि सामाजिक वृत्ती. त्यासाठी मी साठ विधानांची प्रश्नावली तयार केली. प्रत्येक विधानापुढे 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच खाने आणि मधोमध 'सांगता येत नाही'. भाषा अशी जड, की माझी मलाच दोनदा वाचावी लागे. "मला परिस्थितीशी समायोजन साधणे सुलभ जाते," हे ऐकून गल्लीतल्या एका आजींनी काळजीनं विचारलं, "ह्यो कंचा रोग म्हनायचा?"

गल्लीतली माणसं फार भली. मला बरं वाटावं म्हणून पहिल्या खान्यात धडाधड खुणा करत सुटली. मला माणसांत रमायला आवडतं: पूर्ण सहमत. मला माणसांचा कंटाळा येतो: पूर्ण सहमत. मी हटकलं तर म्हणत, "सर, तुमी एवढं लिवलंय, ते खोटं कसं असंल?"

नानांच्या साठच्या साठ खुणा मधल्या खान्यात होत्या. वरून खालपर्यंत, परेडच्या रांगेसारख्या सरळ.

माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "हा कागद बाद करा. ही उत्तरं नाहीत, ही उत्तर द्यायची सवय आहे." मी लगेच मान डोलावली. बाईंसमोर मीही कायम पहिल्याच खान्यात असतो. पण नाना बाद झाले तर माझा एक माणूस कमी पडत होता. म्हणून रविवारी सकाळी कोरी प्रश्नावली घेऊन मी त्यांच्या सोप्यात जाऊन बसलो.

"नाना, मनातलं खरं सांगायचं. ह्यात चूक-बरोबर काही नसतं."

"असंच त्या सायबानंबी सांगितलं हुतं."

"कुठल्या साहेबानं?"

"पलटणीत एकदा असलाच कागद आला. घरची काळजी वाटत न्हाई, मन लय खंबीर हाय, असलं लिवल्यालं. सायब म्होरं उभा. मी आपला ताठ बसून समद्या खुणा पैल्या खान्यात केल्या. सायब खूश! हिचं पैलं बाळंतपण जवळ आल्यालं. अवघड हाय, लवकर या, असं पत्र माझ्या खिशात हुतं." नानांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. "दुसऱ्या दिशी रजा वाटल्या. ज्याच्या घरी काळजी, त्याला रजा. मला कागदावर काळजीच नव्हती."

"मग?"

"मग काय. पोरगं गेलं. मी दीड म्हयन्यानं आलो. ही दारात उभी. एक शबुद बोलली न्हाई. तवापास्नं कागद आला की आपण मधी."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. मी कागद गुंडाळायला लागलो, तर नानांनीच माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. इचारा. ह्या बारीला खरं सांगतो."

आणि खरंच सांगू लागले. मला राग लवकर येतो: पूर्ण सहमत. लोक माझ्याबद्दल काय म्हणतील याची मला भीती वाटते: सहमत. मी हरखून खुणा करत होतो. मग मी पुढचं वाचलं, "अडचणीच्या वेळी मी माझ्या कुटुंबाच्या पाठीशी उभा असतो."

नानांनी आतल्या दाराकडे पाहिलं. म्हणाले, "ह्ये मी कसं सांगू? तिला इचारा."

काकी चहा घेऊन बाहेर आल्याच होत्या. एकाचं उत्तर दुसऱ्यानं द्यायचं, हे कुठल्याच नियमात बसत नाही. तरी मी ते वाक्य पुन्हा वाचलं. काकींनी नानांकडे पाहिलं. नाना पायपुसण्याकडे बघत होते.

"त्यात काय इचारायचं? असत्यात की. पैल्या खान्यात करा खूण."

"काकी, पण खरं..." मी बोलून गेलो. सवय, दुसरं काय.

"आवं सर, करा म्हनलं न्हवं?"

मी खूण केली.

नाना कपातला चहा बशीत ओतत होते. बशी भरली, काठावरून चहा सांडायला लागला, तरी ओततच राहिले. तेव्हा काकींनी त्यांच्या हातातला कप हळूच काढून घेतला.