लाल म्हणजे थांब

माळ्यावरून जुना कॅमेरा खाली काढायची कल्पना माझीच. एरवी आमच्या घरात कल्पना बायकोच्या असतात आणि अंगाशी आल्या की त्या माझ्या होतात. पण ही पहिल्यापासून माझीच होती, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

झालं असं, की बालचित्रपट महोत्सवात मुलांसाठी फिल्म बनवायची कार्यशाळा होती आणि आमच्या कन्येने तिथे नाव घातलं होतं. कन्येचं वय तेरा. या वयात मुलं आईबापांशी दोनच कारणांनी बोलतात, एक चार्जर आणि दुसरं परवानगी. पण पहिल्या दिवशी घरी आली ती आपणहून म्हणाली, "घरातली एखादी जुनी वस्तू घेऊन तीन मिनिटांची फिल्म करायचीय."

बायकोने आधी माझ्याकडे पाहिलं. (मी वस्तू नाही, हे मला स्पष्ट करावं लागलं.)

"एखादी कशाला," मी म्हणालो, "अख्खा खजिना देतो." आणि स्टूल लावून माळ्यावर चढलो.

हा कॅमेरा मी मुलगी झाली तेव्हा घेतला होता. हातात मावणारा, बारक्या टेपवर चालणारा आणि गळ्यात अडकवायला पट्टा असलेला. मी गाडी चालवायला शिकवतो. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर लक्ष ठेवायचं आणि दिवसभर 'आरशात बघा, आरशात बघा' म्हणायचं, हा माझा धंदा. त्या मानाने कॅमेरा सोपा होता. त्याला क्लच नव्हता. त्यामुळे नात्यातल्या प्रत्येक वाढदिवसाला, लग्नाला आणि सहलीला मी कॅमेरामन असायचो आणि काम चोख करायचो. लोकांना एका ओळीत उभं करायचो, हसलेल्यांना पुन्हा हसायला लावायचो. एका लग्नात तर मी नवरदेवाला दारातून तीनदा आत आणलं होतं. त्याने अजून माझ्याशी बोलणं सुरू केलेलं नाही.

या टेपा आम्ही कधी पाहिल्या मात्र नव्हत्या. आधी टीव्हीला जोडायची वायर हरवली, मग चार्जर आणि मग उत्साह. कॅमेऱ्याच्याच पडद्यावर मागे जाऊन बघता येतं म्हणे, पण त्याने टेप झिजते असं कुणीतरी सांगितलेलं मी मनावर घेतलं होतं. "सगळं टेपांत आहे," एवढं मी दर वर्षी म्हणायचो आणि घरातले मान डोलवायचे.

टेपांचा डबा पाहिला आणि बायको हातातलं काम टाकून आली. "अण्णांची आहे का बघा," म्हणाली.

अण्णा म्हणजे माझे सासरे. शिंपी होते. तोंडात टाचण्या धरायची सवय असल्यामुळे असेल, पण बोलणं फार कमी. त्यांच्या सत्तरीला मात्र सगळ्यांनी आग्रह केला आणि अण्णा आयुष्यात पहिल्यांदा भाषणाला उभे राहिले. ते सगळ्यांनी ऐकलं. एकट्या बायकोने ते ऐकलं नाही, कारण उजेड कमी पडतो म्हणून मी तिला वरच्या खोलीतून टेबललॅम्प आणायला पिटाळलं होतं. ती लॅम्प घेऊन आली तोवर अण्णा खाली बसले होते. पुढच्या वर्षी ते गेले.

अण्णा आपल्याबद्दल काय बोलले, हे तिने तेव्हापासून सगळ्यांना विचारून पाहिलं. सासूबाई म्हणतात, "तुझं नाव घेतलं बहुतेक, पण माझ्या स्वयंपाकाचं जास्त बोलले." मेहुणा म्हणतो, भाषण त्याच्यावरच होतं. आणि मी अगदी समोर उभा होतो, पण फोकस बघत होतो. म्हणून मी तिला सांगायचो, "टेपमध्ये आहे ना सगळं. एक दिवस बघू." डब्यात तळाशी ती टेप निघाली. वर माझ्या अक्षरात 'अण्णा, सत्तरी' असं लिहिलेलं होतं. बायकोने ती पदराने पुसल्यासारखी दोन्ही हातांनी पुसली आणि मुलीच्या हातात दिली. "फिल्म तुझी तू कर," म्हणाली, "मला तेवढं भाषण ऐकव."

मुलं कॅमेरा पाडतील म्हणून दुसऱ्या दिवशी मीच तो घेऊन कार्यशाळेत गेलो. एका शाळेचा चित्रकलेचा वर्ग होता. खिडक्यांना काळं कापड, जमिनीवर चिकटपट्टीने बसवलेल्या वायरी आणि भिंतीवर प्रोजेक्टरचा चौकोन. शिकवणाऱ्या ताई अंबाड्यात पेन्सिल खोचून फिरत होत्या. आमच्या मुलीच्या गटात आवाजाचं काम बघणारा एक जाडसर मुलगा होता. तो कानावरचे हेडफोन जेवतानाही काढायचा नाही म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत.

ताई आपल्याकडचा चार्जर आणि वायरी जोडत होत्या तेवढ्यात मी मुलांना थोडं मार्गदर्शन केलं. (कुणी मागितलं नव्हतं. गाडीतही कुणी मागत नाही.) "कॅमेरा म्हणजे गाडीच," मी म्हणालो, "हात स्थिर, नजर पुढे आणि घाई नाही."

मग पहिली टेप लागली. भिंतीवर करड्या फरशा दिसल्या. बराच वेळ फरशाच दिसत होत्या. मग एका चटईचा कोपरा आला, माझे बूट आले आणि पुन्हा फरशा. मागून लोकांच्या हसण्याचा आणि ताटल्यांचा आवाज. दुसरी टेप लावली. त्यात हिरवळ आणि माझे बूट होते. तिसरीत जिना उतरत होता.

"काका," कानसेनने आदराने विचारलं, "हे मुद्दाम आहे का?"

ताईंनी पेन्सिल अंबाड्यातून काढली आणि परत खोचली. "काका, जरा कॅमेरा कसा सुरू करता ते दाखवा बरं."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. "हा सुरूच असतो. समोर धरायचा फक्त."

"आणि बंद कसा करता?"

मी बटण दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका लागला. "हा झाला बंद."

"बंद झाला हे कशावरून?"

"लाल लागला ना," मी म्हणालो.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मी पुन्हा बटण दाबलं, ठिपका गेला. "आता रस्ता मोकळा," मी समजावलं, पण आवाज माझा मलाच बारीक वाटला. उभं आयुष्य मी लोकांना एकच गोष्ट घोकून शिकवली होती, लाल म्हणजे थांब. ती कॅमेरा बनवणाऱ्यांच्या कानावर गेली नसावी. म्हणजे लोकांना ओळीत उभं करून, हसवून, नवरदेवाला तीनदा आत आणून मी जे टिपलं होतं त्यातलं काहीच टेपवर नव्हतं. आणि 'झालं शूटिंग' म्हणून कॅमेरा गळ्यात सोडून मी जिथे जिथे हिंडलो, ते सगळं मात्र होतं.

मुलं पोट धरून हसली. एकटी आमची कन्या हसत नव्हती. "म्हणजे आजोबांचं भाषण..." म्हणाली आणि थांबली.

मी तिला कोपऱ्यात घेतलं. "आईला काय सांगू मी?"

"काहीच सांगू नका. टेपा इथेच ठेवा, आम्ही बघतो काय ते." मग जरा विचार करून म्हणाली, "आणि बाबा, उद्यापासून येऊ नका. तुम्ही शेजारी बसलात की मला ब्रेक लागतो."

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. बायको रोज विचारायची, "सापडलं का भाषण?" मी रोज नवीन काहीतरी सांगायचो. टेपा साफ करतायत. टेपा कॉम्प्युटरवर चढतायत. एकदा तर टेपा विश्रांती घेतायत असंही म्हणालो. मुलीला विचारावं तर ती म्हणायची, "दाखवायच्या दिवशीच बघायचं, असा ताईंचा नियम आहे." बायकोने अण्णांनी शिवलेलं तिचं जुनं जॅकेट कपाटातून काढलं, त्याचं सैल झालेलं बटण पक्कं केलं आणि सासूबाईंना फोन केला. मेहुण्यालाही बोलावलं. भाषण नक्की कुणावर होतं, याचा एकदाचा निकाल लागणार होता. मला भूक लागेना. शिकाऊ लोकांनी चुका केल्या तरी मी ओरडेना, तेव्हा एकीने घाबरून शिकणंच सोडलं.

महोत्सवाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. बायको माझ्या डाव्या बाजूला, पलीकडे सासूबाई आणि मेहुणा. कन्या गटाबरोबर पुढच्या रांगेत. मी दाराजवळची खुर्ची मागितली होती, मिळाली नाही.

फिल्मचं नाव आलं, 'दिवा आणायला गेली तेव्हा'. मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांना माझाच आवाज ऐकू आला. "अगं, उजेड कमी पडतोय. वरचा लॅम्प आण ना."

डोळे उघडले तर पडद्यावर आमच्या जुन्या घराच्या अंगणातल्या फरशा. घाईने जाणारी दोन पावलं. "थांबा अण्णा, आता सुरू करतो," माझा आवाज आणि खट्. पडदा काळा झाला. त्यावर अक्षरं आली, 'यानंतर आजोबा बोलले. कॅमेरा बंद होता.'

बायकोने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी समोर पाहत राहिलो. (गाडी चालवताना नजर पुढेच ठेवायची असते.) अंधारात तिचा श्वास ऐकू येत होता आणि पडदा काही उजळत नव्हता. मला वाटलं, संपलं सगळं. एका माणसाचा आवाज जपून ठेवायची जबाबदारी आपल्याकडे होती आणि आपण ती फरशांवर घालवली.

मग खट् झालं आणि फरशा परत आल्या. माझे बूट, त्यांच्यासमोर अण्णांचे तपकिरी बूट. एका बुटाची नाडी सुटलेली.

"ती कुठे गेली हो?" अण्णांचा आवाज. सासूबाईंनी मेहुण्याचा हात धरला.

"दिवा आणायला," माझा आवाज.

"मग मी इतका वेळ कुणासाठी बोललो?"

"भाषण झकास झालं, अण्णा. बॅटरी टिकली म्हणजे मिळवली."

"तिचं काही बोललोच नाही," अण्णा म्हणाले. "ती नव्हती, म्हणून ठेवून दिलं. लहानपणी मशीनखाली येऊन बसायची बघा. माझ्या पावलावर पाऊल ठेवायची. मी पायडल मारायचो आणि ती हसत वरखाली व्हायची." पडद्यावर उजवा बूट फरशीवर हलू लागला, टाच खाली, चवडा खाली, मशीनवर हलावा तसा. "तिचं लग्न झालं, पण तो पाय अजून हलका लागतो. सवय होत नाही. जावईबापू, ऐकताय ना?"

"हो हो."

"तिच्यासमोर मला बोलता यायचं नाही. तुम्ही सांगा तिला."

"सांगतो, सांगतो. अण्णा, जरा पाय उचला, दिव्यासाठी लावलेली वायर अडकलीय."

सभागृह हसून कोसळलं. मागच्या रांगेतली दोन मुलं खुर्चीवरून खाली आली. पडद्यावर अण्णांचा पाय आज्ञाधारकपणे वर झाला, वायर सुटली आणि ती दोन घाईची पावलं परत आली, मागे लॅम्पची वायर फरफटत. "झालं? संपलं?" माझ्या बायकोचा तरुण आवाज.

"संपलं," अण्णा म्हणाले. "ये, केक कापू." तपकिरी बूट सरकत तिच्या पावलाशेजारी येऊन उभा राहिला. तिथे फिल्म संपली. नावांमध्ये शेवटी होतं, 'कॅमेरा: बाबांच्या गळ्यातला.'

दिवे लागले. लोक टाळ्या वाजवत होते, ताई मला उभं राहायची खूण करत होत्या, मेहुणा 'म्हणजे भाषण माझ्यावरच होतं' असं सासूबाईंना पटवत होता. बायको रडत होती आणि हसतही होती. मी उठलो नाही, कारण खुर्चीखाली तिने आपलं पाऊल माझ्या बुटावर ठेवलं होतं.

"सांगतो म्हणाला होतात ना त्यांना," ती म्हणाली.

"हो."

"मग सांगा."

मी सांगितलं. मशीनचं, पायडलचं, हलक्या पायाचं, अण्णांच्याच शब्दांत, एकही गाळला नाही. या खेपेला मी नीट ऐकलं होतं. तिनेही जणू पहिल्यांदाच ऐकावं तसं सगळं ऐकून घेतलं.

संध्याकाळी शिकवायच्या गाडीतूनच आम्ही परत निघालो. सासूबाई आणि कन्या मागे, बायको शेजारी. मी भलताच खुशीत होतो. कन्येने मागून जुना कॅमेरा सुरू केला, आरशात मला कॅमेऱ्यावरचा लाल दिवा दिसला. "बाबा, लाल लागला. बोला काहीतरी."

"लाल म्हणजे सुरू," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी धडा पक्का झाला होता. मी अण्णांच्या आठवणी सांगू लागलो, समोरही लाल दिसला आणि मी निश्चिंत मनाने गाडी पुढे काढली.

गाडी चौकाच्या मधोमध कच्चकन थांबली. ब्रेक मी दाबला नव्हता. शेजारच्या जादा ब्रेकवर बायकोचा पाय होता. शिट्टी वाजवत वाहतूक पोलीस आले. त्यांनी टपावरची 'मोटार ड्रायव्हिंग स्कूल' ही पाटी वाचली, आत वाकून माझ्याकडे पाहिलं, मग बायकोच्या पायाखालचा ब्रेक पाहिला आणि तिला सलाम ठोकला.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमचा विद्यार्थी अजून कच्चा आहे. एवढ्यात त्याला सिग्नलवर आणत जाऊ नका."

"मी पण तेच म्हणते," बायको म्हणाली.