खांबातला पाक आणि माझी जीभ

"यंत्र काय, भिडेखातर कुठलाही आकडा दाखवेल. जीभ मात्र सख्खी असते." तीस वर्षांपूर्वी आमचे वस्ताद हे म्हणाले आणि त्यांनी माझ्या तळहातावर कोमट पाकाचा एक थेंब ठेवला. त्या थेंबावर मी अख्खी नोकरी काढली.

आमच्या कारखान्यात मक्याच्या पिठाचा पाक होतो. तो मुळातच गोड, पण खांबातून गेला की आणखी गोड होऊन बाहेर पडतो. खांब म्हणजे दोन पुरुष उंचीचं स्टीलचं नळकांडं. आत बारीक दाणे ठासलेले आणि दाण्यांवर एन्झाइम पक्कं बसवलेलं. पाणी जातं, काठ बसून राहतो, तसंच हे. दाणे जागचे हलत नाहीत. पाक त्यांना अंग घासत वाहतो आणि जाता जाता गोडी घेऊन जातो, अखंड. दाण्यांची अट एकच, उष्णता साठ अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही.

खालच्या तोटीशी मी. दर तासाला थेंब जिभेवर घ्यायचा आणि वहीत लिहायचं, 'ठीक'. सगळे मला जीभराव म्हणत. मलाही ते बरं वाटे.

त्या सोमवारी गारठा होता. पाक रुसलेल्या जावयासारखा पाय ओढत होता. मी म्हटलं, मधाची बाटली गरम पाण्यात ठेवली की मध कसा सुरसुर येतो! उष्णता वाढवली. पाक पळू लागला. थेंब चाखला. 'ठीक'.

दुपारी प्रयोगशाळेतली मीटरबाई आली. वयाने माझ्या मुलीएवढी, शिस्तीने माझ्या सासूएवढी.

"काका, फ्रुक्टोजचे, म्हणजे त्या जास्त गोड साखरेचे, शंभरात बेचाळीस भाग यायला हवेत. सात येताहेत."

"मीटर पूस."

"पुसलं."

"मग बदल."

बदललं. सहा आले.

"बघ," मी म्हटलं, "दोन मीटर, दोन आकडे. माझी जीभ एकच."

पण मनात पाल चुकचुकली. पाक हळू सोडला तर दाण्यांपाशी जास्त रेंगाळतो आणि गोडी वाढते, हे इथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक. मी तोटी अर्धी बंद केली. सहाच. आणखी आवळली. आता थेंब थेंब.

वरच्या मजल्यावर पीठ शिजवणाऱ्यांना मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. ते बिचारे इमानाने पाक सोडत राहिले. वरची टाकी भरली, मग ओसंडली. पाक जिना उतरला, पायरी पायरीवर विसावा घेत, नव्या नवरीच्या चालीने, आणि साहेबांच्या दारात जाऊन थबकला. साहेब बाहेर आले. म्हणजे साहेब आले, बूट तिथेच राहिले.

"जीभराव, हे काय आहे?"

"पाक, साहेब."

"ते माझ्या मोज्यांना कळलंय."

तेवढ्यात मीटरबाई उष्णतेचा तक्ता घेऊन आली. "ब्याऐंशी अंश," ती हळूच म्हणाली. "काका, एन्झाइम मेलं. पाक जसा आत जातोय, तसाच बाहेर येतोय."

"मेलं असतं तर मला कळलं नसतं? गोडी पूर्ण आहे."

साहेबांनी स्टुलावर बसून एक मोजा सोलून काढला. "उद्या सकाळी सगळ्यांसमोर दोन पेले ठेवतो. एक शेजारच्या चांगल्या खांबातला, एक या खांबातला. ओळखलंत तर तोटी तुमची. नाही तर पॅकिंगला जा, खोक्यांना चिकटपट्टी लावायला."

"डोळे बांधून ओळखतो," मी म्हणालो.

संध्याकाळी घरी आलो. हिने चहा पुढ्यात ठेवला आणि माझ्या विजारीवर वाळलेले पाकाचे ओघळ नखाने खरवडत बसली. मी सगळं सांगितलं, साहेबांच्या मोज्यांसकट. ती हसली नाही.

"आणि चुकलात तर?"

"चुकेन कसा? आता हा चहाच घे. एका घोटात सांगतो, दोन चमचे. ना कमी, ना जास्त."

तिचं नख थांबलं.

"उद्या पेला उचलू नका," ती म्हणाली. "आधीच साहेबांना सांगा, चूक झाली म्हणून. त्या मुलीलाही सांगा."

"का म्हणून?"

तिने माझ्या हातातला कप काढून घेतला आणि आत पाहिलं.

"डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं. म्हणून चिमूट चिमूट कमी करत गेले. वाटायचं, आज भांडाल, उद्या भांडाल. तुम्ही रोज म्हणायचात, झकास. मग सांगायचा धीरच झाला नाही. अहो, आठ महिने झाले, तुमच्या चहात साखर नाही."